मागच्या दारातला ढोल

मित्रांनो, एका जागी न हलता किती वेळ राहता येतं तुम्हाला? शाळेत शिक्षा झाली तर फार तर एक तास. मी सेहेचाळीस वर्षं एका जागी पडून काढली. मी एक जुनी लादी आहे. रंग तपकिरी, मधोमध नारिंगी फूल, लांबी-रुंदी वीतभराहून थोडी जास्त. मेलबर्नच्या पश्चिमेला, सेंट ऑल्बन्समधल्या एका विटांच्या घरात, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून माझी जागा होती. दारापलीकडे अंगणात लिंबाचं झाड होतं. माझ्यापासून ते सहा पावलांवर. पण लादीला पावलं नसतात. लोकांची पावलं तेवढी तिच्यावर पडतात.

माझा जन्म मातीचा. ओल्या मातीला यंत्रानं दाबलं तेव्हा मला कडा आल्या. मग भट्टी. एकदा भट्टीतून निघालेली माती पुन्हा माती होत नाही, हे मला तिथेच कळलं. माझ्या पाठीवर काही अक्षरं उठवलेली होती. पण माझी पाठ कायम खाली. आपली पाठ आपल्याला कशी वाचता येणार? मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ते माझं नाव असणार, आणि ते चांगलं भारदस्त असणार.

पुढं आम्हां वीसजणींना एका खोक्यात तोंडाला पाठ लावून भरलं. जहाजातून आलो म्हणतात. समुद्र मी पाहिला नाही, नुसता ऐकला. त्या अंधारात मला वाटे, हे खोकं उघडलं की आपण सुटलो. वेडी होते मी. खोक्यात निदान थोडं हलता तरी येत होतं.

मला विकत घेणारा माणूस विस्तिन. तरुणपणी माल्टा बेटावरून आलेला, टायरच्या कारखान्यात कामाला. हात फावड्यासारखे रुंद, आवाज त्याहून मोठा. गावच्या संताच्या सणाला इथली माल्टाची माणसं बँड काढत, त्यात सगळ्यात मोठा ढोल विस्तिनच्या पोटावर असे. बायकोचं नाव चेन्सा. नवं घर बांधून झालं होतं आणि स्वयंपाकघराची जमीन नुसत्या काँक्रीटची होती. गवंड्याला बोलावणं विस्तिनच्या स्वभावात नव्हतं. एका शनिवारी त्यानं कारखान्यातले तीन मित्र बोलावले आणि चौघं गुडघ्यांवर बसले.

काम चांगलं झालं, हे मी शेजारणींच्या वतीनंही सांगते. दातेरी थापीनं गोंद सारखा पसरायचा, वर लादी दाबायची, हातोड्याच्या दांड्यानं ठोकायची. टक. टक. टक. खालपर्यंत भरीव. भिंतीपासून सुरुवात करून दुपारी एकपर्यंत ते मागच्या दारापाशी आले. तेव्हा एकच जागा रिकामी होती आणि एकच लादी उरली होती. ती मी.

तेवढ्यात चेन्साची हाक आली. तिनं वाइनमध्ये शिजवलेला ससा अंगणातल्या मेजावर मांडला होता. ससा थंड करून खाणारा माल्टाचा माणूस अजून जन्माला यायचा आहे. चौघं उठले ते साडेतीनला परत आले. थापी कुणीतरी धुऊन टाकली होती. बादलीतल्या गोंदावर साय धरली होती. विस्तिननं वाकून हातानंच गोंद काढला, माझ्या पाठीवर पाच गोळे थापले, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि मला जागेवर दाबलं. मग दांड्यानं ठोकून पाहिलं.

डुम्म.

चौघंही थांबले. एक मित्र म्हणाला, "विस्तिन, लादी बसवलीस की ढोल?"

"काढ आणि पुन्हा बसव," दुसरा म्हणाला. "गोंद ओला आहे तोवर."

विस्तिननं टाच उचलून मला दोनदा हाणलं. डुम्म, डुम्म. त्याला हसू आवरेना. "राहू दे," तो म्हणाला. "घरात एक ढोल हवाच."

अशी मी अडकले. बाकीच्या घट्ट चिकटून गप्प झाल्या. मी पाच गोळ्यांवर, पोटाखाली पोकळी घेऊन पडले. माझ्या शेजारणी म्हणत, तुझं बरं आहे, तुला थोडी तरी हवा आहे. पण ती हवाही अडकलेलीच होती. शनिवारी दुपारी साडेतीनला जी हवा खाली कोंडली गेली, तीच माझ्याबरोबर सेहेचाळीस वर्षं राहिली.

कामाची वर्षं मात्र मानाची होती. त्या घराला पुढचं दार आहे, पण त्यातून फक्त डॉक्टर, पाद्री आणि विमेवाला येई. घरची माणसं येणार मागच्या दारानं, म्हणजे माझ्यावरून. विस्तिन कारखान्यातली पाळी संपवून आला की टाचेनं दोन ठोके द्यायचा आणि आत चेन्सा उकळत्या पाण्यात पास्ता सोडायची. त्यानं कधी "आलो" म्हटलं नाही, तिनं कधी "आलात का" विचारलं नाही. त्यांची मुलगी मार्लीन शाळेतून आली की एकदाच धप्पकन उडी मारायची. पलीकडच्या घरातली शेजारीण गरम पास्तित्सींचं, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचं ताट घेऊन आली तर आवाज हलका यायचा, कारण ती लाजत पाऊल टाकायची. चेन्सा चुलीशी पाठ करून उभी असायची आणि मागे न बघता सांगायची कोण आलंय. लोक म्हणत, या बाईला पाठीलाही डोळे आहेत. डोळे कसले, ती मी होते.

विस्तिन गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या दिवशी माझ्यावरून खूप माणसं गेली आणि सगळ्यांनी पावलं जपून टाकली. त्यानंतर दोन ठोके बंद झाले. चेन्सा त्याच्या येण्याच्या वेळेला, साडेतीनला, पाणी उकळत ठेवायची आणि मग ते तसंच बंद करायची. हे काही महिने चाललं.

पुढं तिची नजर अधू झाली. मग कान हेच तिचे डोळे झाले. ओट्यापासून मेजापर्यंत चार पावलं, मेजापासून माझ्यापर्यंत सहा, हे तिच्या पायांना पाठ होतं. पाय ती उचलत नसे, सरकवत असे. माझं फूल तिच्या सपातांनी घासून पुसट झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटे ते जाळीच्या दारातून अंगण दिसे त्याचं. पाऊस पडताना मी पाहिलाय, अंगावर कधी घेतलेला नाही. लिंबू पडताना मी ऐकलंय, ते माझ्यापर्यंत घरंगळत कधी आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ओट्यापाशी पाणी सांडलं आणि चेन्सा घसरली. माझ्यावर नव्हे, ओट्याखालच्या शेजारणीवर. मनगट मोडलं. मग कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, एक बाई आली. पुढच्या दारानं. तिनं घरभर फिरून कागदावर टिपलं, मार्लीनला बाजूला घेऊन काही सांगितलं आणि पुढच्याच दारानं गेली. चेन्साला त्यातलं फारसं काही कुणी सांगितलं नाही.

त्या रविवारी मार्लीन म्हणाली, "मा, ही फरशी आता बस झाली. लाकडाची टाकू. पायाला ऊब राहील, आणि पडलीस तरी हाडं शाबूत राहतील."

"तुझ्या बापानं गुडघ्यावर बसून घातलीय ही."

"आणि तू ढुंगणावर बसून मनगट मोडलंस तिच्यावर."

चेन्सा हसली, कारण ते खरं होतं. मार्लीननं पिशवीतून लाकडाचे दोन नमुने काढून तिच्या हातात दिले. "कुठलं घेऊ? गडद की फिकं?"

चेन्सानं दोन्ही तुकडे अंगठ्यानं चोळून पाहिले. "फिकं," ती म्हणाली. "पण वरून टाकायचं. खालची फरशी उखडायची नाही."

"ते फरशी बसवणारा माणूस ठरवेल, मा."

"घर माझं. माणूस काय ठरवणार?"

मित्रांनो, तेव्हापासून मला झोप नाही. जुनी फरशी काढायची की तिच्यावरच लाकूड घालायचं, हा लोकांना साधा प्रश्न वाटतो. माझ्यासाठी त्याची दोन्ही उत्तरं वाईट होती. काढली तर छिन्नी आणि तुकडे. ठेवली तर वर फळ्या, आणि मग कायमचा अंधार. ना दाराची जाळी, ना लिंबाचं झाड, ना कुणाची टाच.

माणूस गुरुवारी सकाळी आला. नाव ब्लागोय. पन्नाशीचा, गुडघ्यांवर चामड्याच्या गाद्या बांधलेला, मूळचा मॅसिडोनियाचा. त्यांच्यात आजीला बाबा म्हणतात. तो चेन्साला पहिल्या मिनिटापासून बाबा म्हणू लागला. तोही पुढच्या दारानं आला आणि बूट काढून आत आला. त्याचे मोजे बघून चेन्साला तो बरा वाटला असावा, कारण तिनं अंगणात जाऊन त्याच्यासाठी चार लिंबं तोडून आणली.

परत आल्यावर मात्र तिनं एक चमत्कारिक गोष्ट केली. मेजाजवळची खुर्ची ओढत आणली, माझ्यावर येईल अशी ठेवली आणि दोन्ही पाय माझ्यावर घट्ट रोवून बसली.

ब्लागोय स्क्रूड्रायव्हर उलटा धरून गुडघ्यांवर रांगत एकेक लादी ठोकत चालला. टक. टक. प्रत्येक ठोक्याला तो डोकं कलतं करून ऐके, वैद्य छाती ऐकतो तसा. भिंतीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मेजापर्यंत, सगळ्या खणखणीत. मार्लीन दारात हाताची घडी घालून उभी होती. शेवटी तो खुर्चीपाशी पोचला.

"बाबा, जरा उठता का? एवढी एक राहिली."

"माझे गुडघे आज उठत नाहीत, पोरा."

"मघाशी तुम्ही लिंबं तोडून आणलीत."

"तेव्हा उठत होते."

ब्लागोयनं मार्लीनकडे पाहिलं, मार्लीननं छताकडे. मग त्यानं हात लांब केला आणि खुर्चीच्या दोन पायांमधून माझा उघडा कोपरा ठोकला.

मला गप्प राहायचं होतं. चेन्सा का बसलीय हे मला कळत होतं. पास्तित्सी आणणाऱ्या शेजारणीनं तिच्या कानांवर घातलं होतं की एक लादी जरी पोकळ निघाली तरी हे लोक सगळी फरशी उखडतात. तिला मला लपवायचं होतं. अंगातला सगळा जोर लावून मी स्वतःला आवळून धरलं. पण नाण्याला आणि लादीला खोटं बोलता येत नाही. ठोकलं की आत जे असेल तेच बाहेर येतं.

डुम्म.

"हा ढोल आहे," ब्लागोय म्हणाला. त्यांच्या धंद्यात पोकळ लादीला ढोलच म्हणतात.

"ढोल वाजवणाऱ्यानंच बसवलाय तो," चेन्सा म्हणाली. "म्हणून काय सगळी फरशी फोडणार तू?"

"कोण म्हणालं? एका ढोलानं काही बिघडत नाही, बाबा. ही एक काढून खड्डा भरला की झालं. बाकीच्या अशा बसल्यात की मी मेल्यावरही राहतील. वरून फळ्या टाकायला माझी ना नाही."

चेन्साचे पाय माझ्यावर सैल पडले. "मग टाक."

"पण हे बघा," असं म्हणून त्यानं आपलं तर्जनीचं बोट आडवं धरलं. मग तिला नीट दिसत नाही हे लक्षात येऊन तिचा हात घेतला आणि आपलं आडवं बोट तिच्या बोटांत दिलं. "फळी आणि खालचं अस्तर मिळून एवढी उंची वाढणार. बोटभर. न्हाणीघराच्या दाराशी बोटभर पायरी, बैठकीच्या दाराशी बोटभर पायरी. मागचं दार खालून तासावं लागेल. आणि ते भांडी धुण्याचं यंत्र ओट्याखाली कायमचं अडकेल. बिघडलं तर ओटा फोडूनच काढायचं."

मी यंत्राकडे पाहिलं. चला, म्हटलं, सोबत मिळाली.

"बोटभर म्हणजे काहीच नाही," चेन्सा म्हणाली. मार्लीन छताकडे बघायची थांबली होती.

"काय ते बोल," चेन्सा म्हणाली. "तू गप्प राहिलीस की मला जास्त ऐकू येतं."

"ती कौन्सिलची बाई," मार्लीन हळू म्हणाली. "ती म्हणाली, तू पाय उचलत नाहीस, सरकवतेस. घरात बोटभरही पायरी झाली तर ती पुन्हा बघायला येणार, आणि तू इथे एकटीनं राहू नयेस असं लिहून देणार. म्हणून काढायलाच हवी, मा. मी सगळं ठरवलंय. धुळीचे दिवस आहेत तेवढे तू विसाव्याच्या घरात राहा, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात तिथे. मी खोली बघून ठेवलीय. दोनच आठवडे."

चेन्साचे पाय पुन्हा घट्ट झाले होते. माझ्या पोकळीत ते मला कळत होतं.

"म्हणजे ठेवली तरी मी बाहेर," ती म्हणाली, "आणि काढली तरी मी बाहेर."

"काढली तर फक्त दोन आठवडे..."

"जॉर्जालाही दोनच आठवडे सांगितले होते." मग ती ब्लागोयकडे वळली, जणू मुलीशी बोलण्यापेक्षा परक्याशी बोलणं सोपं होतं. "माझी मैत्रीण, पोरा. पलीकडच्या गल्लीतली. न्हाणीघर दुरुस्त करायचं म्हणून दोन आठवडे हलवली. आज चार वर्षं झाली, तिथेच आहे. न्हाणीघर फार सुरेख झालंय म्हणतात. दुसरीच माणसं अंघोळ करतात त्यात."

मार्लीन तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, माझ्या शेजारणीवर. "मी तसं करीन असं वाटलं तुला?"

"जॉर्जाची मुलगीही चांगली आहे."

"मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस, गडद की फिकं," चेन्सा म्हणाली. "मी सांगितलं, फिकं."

मित्रांनो, मी आयुष्यभर पोकळ म्हणून हिणवली गेले. पण त्या वेळी त्या खोलीत जी शांतता झाली तिच्याएवढी पोकळी मी पोटातही कधी वागवली नव्हती. त्या क्षणी आम्ही दोघी सारख्याच होतो, मी आणि ती. खाली काँक्रीट, वर फळ्या, आणि बाहेर पडायचं तर फुटून.

ब्लागोयनं घसा खाकरला. घरगुती बोलण्यात अडकलेल्या कारागिराची जी अडचण होते, ती त्याची झाली होती. "मी एक सांगू?" तो म्हणाला. "अर्धी अर्धी काढता येते. आधी ओट्याकडची, मग दाराकडची. मध्ये वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा पडदा. धूळ ओढून घेणारं यंत्र आहे माझ्याकडे. वेळ दुप्पट लागेल, मला कंटाळा येईल, पण बाबांनी घर सोडायची गरज नाही. पुढच्या खोलीत राहायचं, पुढच्या दारानं यायचं-जायचं."

"पुढच्या दारानं?" चेन्सा म्हणाली. "मी काय डॉक्टर आहे?"

मार्लीनला हसू आलं आणि तिनं नाक पुसलं. "मी येते राहायला. पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपेन. शेवटची फळी बसेपर्यंत."

"तुझ्या नवऱ्याला कोण जेवू घालणार?"

"त्याला हात आहेत."

"पाहिलेत मी त्याचे हात."

पण ती उठली. मेजाला धरून आधी एक गुडघा, मग दुसरा. खुर्ची माझ्यावरून बाजूला सरकवली. मग तिनं सपात काढली, अनवाणी पायानं माझ्या चारही कडा चाचपल्या आणि टाचेनं हळूच दोन ठोके दिले. अकरा वर्षांनी. मुलीनं मान वर केली.

"काढायची तर काढ," चेन्सा ब्लागोयला म्हणाली. "पण पहिल्यांदा ही काढ. मी असताना. आणि फुटली तर मला फुटली म्हणून सांग, गोड बोलू नकोस."

मी तिच्यावर रागावले नाही म्हटलं तर खोटं होईल. वाटलं, इतकी वर्षं तुझे पाहुणे ओळखून दिले, आणि आता पहिला घाव माझ्यावर. सोमवारी सकाळी ब्लागोय छिन्नी आणि लोखंडी पट्टी घेऊन माझ्यापाशी बसला. सांध्यातलं जुनं सिमेंट त्यानं खरवडून काढलं. पट्टीचं टोक माझ्या कडेखाली सरकलं. मी डोळे मिटले असते, पण लादीला ते जमत नाही.

कट् असा एक बारीक आवाज झाला, आणि मी वर आले.

सगळी. एक टवकाही न उडता. ससा खाऊन आलेल्या माणसांनी साय धरलेल्या गोंदावर मला बसवलं होतं. त्या गोंदानं काँक्रीटला कधी जीव लावून धरलंच नव्हतं. सेहेचाळीस वर्षं मी स्वतःला जखडलेली समजत होते, आणि पकडून ठेवणारं खाली फारसं काही नव्हतंच. माझ्या भरीव शेजारणींचं तसं झालं नाही. त्या पुढचे चार दिवस तुकड्यातुकड्यांनी निघाल्या आणि अंगणातल्या कचऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत पडत राहिल्या. त्यांचं काम चोख होतं, म्हणूनच त्या फुटल्या. यात न्याय कुठे आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

ब्लागोयनं मला उलटं करून चेन्साच्या मांडीवर ठेवलं. माझ्या पाठीला पहिल्यांदा उजेड लागला. मार्लीननं वाकून अक्षरं वाचली, आणि मी जिवाचा कान केला.

"मेड इन इटली," ती म्हणाली.

एवढंच. मित्रांनो, माझ्या भारदस्त नावाचं काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पण चेन्साला अक्षरांशी काम नव्हतं. ती पाचही गोळ्यांवरून हात फिरवत होती. गोळ्यांच्या कडेला, गोंद जिथे थापला होता तिथे, बोटं ओढल्याच्या रेघा वाळून दगड झाल्या होत्या. एका कोपऱ्यात अख्खा अंगठा उठला होता, कातडीवरच्या बारीक वळ्यांसकट. तिनं आपली बोटं एकेक करून त्या रेघांत ठेवली. तिची बोटं बारीक होती. दोन्ही बाजूंना जागा उरत होती.

"जाड हात होते त्याचे," ती म्हणाली. बराच वेळ तिनं हात उचलला नाही. ब्लागोयनं उगाचच आपली हत्यारं पुसली.

आज त्या घरात फिक्या लाकडाची फरशी आहे. स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत, बैठकीपर्यंत, कुठेही बोटभर सोडा, नखभरही पायरी नाही. भांडी धुण्याचं यंत्रही मोकळं आहे. कौन्सिलची बाई पुन्हा आली, घरभर फिरली आणि चेन्सानं घरातच राहावं असं लिहून देऊन गेली. मार्लीन सतरा रात्री सोफ्यावर झोपली आणि पाठ धरून आपल्या घरी गेली.

आणि मी मागच्या दाराबाहेर आहे. दाराबाहेर काँक्रीटची जी सपाट जमीन आहे तिच्यावर, माझ्याच पाच गोळ्यांवर टेकलेली. उरलेल्या फळीच्या पट्ट्या ब्लागोयनं माझ्या चारही बाजूंनी उतरत्या ठोकल्या, म्हणजे मी सरकू नये आणि चेन्साचा पाय अडखळू नये. त्याला खरं तर मला सिमेंटमध्ये पक्कं बसवायचं होतं.

"असं नुसतं ठेवलेलं काम मी कधी केलं नाही," तो म्हणाला. "उद्या कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

"घट्ट करशील तर जेवायला मिळणार नाही," चेन्सा म्हणाली. ससा तयार होता. त्यानं नाव पणाला लावलं.

इथे ऊन लागतं. रंग अजून उडतोय. गोगलगायी रेघा ओढून जातात. एकदा लिंबू घरंगळत आलं आणि माझ्या कडेला लागून थांबलं. तरी माझी पाठ अजून खालीच आहे, आणि विस्तिनची बोटं अंधारातच आहेत. त्या अंधाराचं मला आता काही वाटत नाही, कारण त्यात काय आहे ते मला ठाऊक झालंय.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधीतरी जुनं काढायचं की ठेवायचं हा प्रश्न येईल. तेव्हा आधी ठोकून पाहा. नुसत्या लाद्या नव्हे, त्यांच्यावर उभं असलेलं माणूसही. त्याला गडद की फिकं एवढंच विचारू नका. भीती कशाची वाटते ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कान लावून थांबा. आवाज पोकळ आला तर हिणवू नका. पोकळ जागेत कुणाची तरी बोटं असतात.

परवा ब्लागोय विसरलेली लोखंडी पट्टी न्यायला आला. पुढचं दार वाजवणार होता, पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, घराला वळसा घालून मागे आला. त्याला आमच्या खुणा माहीत नाहीत. त्यानं नुसतं पाऊल टाकलं.

डुम्म.

आतून चेन्साचा आवाज आला, "ये पोरा. ताट वाढते."